ऑयलरची अटकळ आणि नागपूरचा प्राध्यापक : कॉम्बिनेटोरिक्समधील एका संशोधन-कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची व्याप्ती

प्रकरण अभ्यासात संबंधित व्यक्तीचे नाव झाकण्याचा प्रघात आहे. येथे तो पाळणे व्यर्थ ठरेल, कारण कॉम्बिनेटोरिक्सचे, म्हणजे मांडण्या आणि रचनांच्या गणिताचे, अभ्यासक शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव त्यांच्या निष्कर्षांना, इतकेच काय एका ग्राफलाही (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची आकृती), कायमचे जोडले गेले आहे. म्हणून प्रमुख व्यक्ती, त्यांचे सहकारी आणि संस्था यांची नावे येथे जशीच्या तशी ठेवली आहेत. उल्लेख मात्र प्रकाशित शोधनिबंध आणि सार्वजनिक नोंदी यांपुरताच मर्यादित आहे. ज्या निर्णयांमागील खासगी कारणांविषयी आपण केवळ तर्क करू शकतो, तेथे फक्त निर्णय आणि त्याचे परिणाम मांडले आहेत.

अभ्यासाचा केंद्रबिंदू १९५८ ते १९६० हा अल्प काळ आहे. या काळात १७७ वर्षे टिकून राहिलेली लिओनार्ड ऑयलर यांची, विशिष्ट आकारांच्या ‘लॅटिन चौरसां’च्या जोड्या अशक्य असल्याची एक अटकळ खोटी ठरली आणि ती खोटी ठरवणाऱ्या तिघांपैकी एक नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातून अमेरिकेत गेलेला मराठी प्राध्यापक होता. ही गोष्ट बहुधा प्रतिभेच्या अचानक झालेल्या स्फोटासारखी सांगितली जाते. कागदपत्रे वाचली असता ती तशी दिसत नाही. २२ क्रमांकाच्या, म्हणजे २२ ओळींच्या चौरसाच्या, प्रतिउदाहरणासाठी लागणारे सर्व सुटे भाग १९३९ पर्यंत उपलब्ध होते. ते वीस वर्षे जोडले का गेले नाहीत आणि शेवटी कोणत्या निर्णयांमुळे जोडले गेले, हा या लेखनाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. तेव्हाच्या मध्य प्रांतातील सागरच्या मराठी कुटुंबांतील मुले उच्च शिक्षणासाठी नागपूरकडे वळत असत. श्रीखंडेही तेथील शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. त्यांचे भावी मार्गदर्शक राज चंद्र बोस यांचा जन्मही त्याच मध्य प्रांतात, होशंगाबादला, १९०१ साली झाला होता. बोस यांची कर्मभूमी मात्र कलकत्ता होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तेथे १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, मूळचे भूमितीचे असलेले बोस दाखल झाले आणि सांख्यिकीच्या पोटातील एका भूमितीय प्रश्नाशी त्यांची गाठ पडली.

हा प्रश्न शेतीच्या प्रयोगांतून आला होता. पिकाच्या वाणांची तुलना करायची असेल तर शेताचे चौकोनी वाफे पाडावे लागतात. पण जमिनीचा कस एका दिशेने बदलतो, ओलावा दुसऱ्या दिशेने बदलतो आणि चांगले वाण कोणते हे ठरवताना या दोन्ही गोष्टी आड येतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावर लॅटिन चौरसाचा उपाय रूढ केला. पाच वाण असतील तर पाच ओळी आणि पाच स्तंभ घ्यायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात नेमके एकदाच येईल अशी मांडणी करायची. आता त्याच वाफ्यांवर पाच खतांचीही चाचणी घ्यायची असेल, तर खतांचा दुसरा लॅटिन चौरस पहिल्यावर ठेवावा लागतो, आणि तो अशा रीतीने की प्रत्येक वाण व प्रत्येक खत यांची जोडी संपूर्ण शेतात एकदाच पडावी. अशा दोन चौरसांना परस्पर ऑर्थोगोनल म्हणतात. बोस यांनी १९३८ मध्ये सांत क्षेत्रांच्या (मर्यादित घटकांच्या संख्याप्रणालींच्या) आधारे दाखवले की क्रमांक ही मूळ संख्या किंवा मूळ संख्येचा घात असेल (४, ५, ७, ८, ९ इत्यादी), तर एकमेकांना ऑर्थोगोनल असे जास्तीत जास्त शक्य तितके, म्हणजे क्रमांकाहून एक कमी इतके, चौरस मिळतात; आणि असा पूर्ण संच मिळणे व त्या क्रमांकाचे प्रक्षेपी प्रतल (कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि कोणत्याही दोन रेषा एकाच बिंदूत मिळतात अशी मर्यादित बिंदूंची भूमिती) मिळणे ही एकच गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी संतुलित अपूर्ण गटरचनांच्या (बिंदूंचे सारख्या आकाराचे असे गट, की कोणतेही दोन बिंदू ठरावीक संख्येइतक्याच गटांत एकत्र येतात) बांधणीवर विस्तृत निबंध लिहिला. हे दोन निबंध एकाच लेखणीतून वर्षभराच्या अंतराने उतरले, ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

बोस १९४९ पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीखंडे यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी काही सममित (जितके बिंदू तितकेच गट असलेल्या) गटरचना अस्तित्वात असूच शकत नाहीत हे दाखवले. हाच निष्कर्ष चावला आणि रायसर यांनीही स्वतंत्रपणे मिळवला होता. त्यानंतर श्रीखंडे नागपूरला परतले. पुढची वर्षे प्रामुख्याने तेथील अध्यापनात गेली. पण या काळातील निबंध पाहिले तर एक सलग धागा दिसतो. १९५२ मध्ये त्यांनी गटरचनांच्या द्वैतांवर लिहिले. त्यात बिंदू आणि गट यांच्या भूमिकांची अदलाबदल केली असता जुन्या रचनेतून नवी रचना कशी निघते, हे पाहिले आहे. ‘कोणतेही दोन बिंदू नेमक्या एकाच गटात एकत्र येतात’ अशा रचनांशी त्यांचा हात या काळात चांगला बसला होता.

प्रश्न

ऑयलर यांनी १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाची सुरुवात छत्तीस अधिकाऱ्यांच्या कोड्याने केली. सहा पलटणी आहेत, सहा हुद्दे आहेत आणि प्रत्येक पलटणीतील प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी आहे. त्यांना सहा ओळी आणि सहा स्तंभांत असे उभे करायचे, की प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. याचाच अर्थ सहा क्रमांकाचे दोन ऑर्थोगोनल लॅटिन चौरस हवेत. ऑयलरना ते सापडले नाहीत. विषम क्रमांकांसाठी आणि ४ ने भाग जाणाऱ्या क्रमांकांसाठी अशा जोड्या बांधता येतात हे त्यांना ठाऊक होते, आणि २ साठी जोडी नाही हे तर दोन मिनिटांत दिसते. यावरून त्यांनी अटकळ मांडली की ४ ने भागल्यावर बाकी २ उरते असे कोणतेही क्रमांक, म्हणजे २, ६, १०, १४, १८, २२ आणि पुढचे सारे, अशी जोडी देत नाहीत.

सहाच्या बाबतीत ऑयलर बरोबर होते. गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास सर्व शक्यता पद्धतशीरपणे हाताने तपासून ते दाखवले. येथपर्यंत ठीक आहे. पण तारी यांच्या कामानंतर २ आणि ६ या दोनच क्रमांकांचा निकाल लागला होता आणि त्यावर अनंत संख्यांविषयीची समजूत उभी राहिली. त्यात आणखी एका गोष्टीने भर घातली. संपूर्ण अटकळ सिद्ध केल्याचे दावे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत एकापेक्षा अधिक वेळा छापून आले. त्यांतला १९२२ मधील मॅकनिश यांचा दावा सर्वांत परिचित आहे. या युक्तिवादांत दोष असल्याचे पुढे लक्षात आले, तरी निष्कर्षावरचा विश्वास मात्र ढळला नाही. मॅकनिश यांनी याहून व्यापक अटकळही मांडली होती: क्रमांकाचे मूळ घातांत विभाजन करा, त्यातला सर्वांत लहान घात घ्या आणि त्यातून एक वजा करा, त्याहून अधिक परस्पर ऑर्थोगोनल चौरस मिळणार नाहीत. इतके चौरस मिळतात हे त्यांनी सिद्ध केले होते; त्याहून अधिक मिळत नाहीत हा भाग फक्त अटकळ होता. २१ म्हणजे ३ गुणिले ७. त्यामुळे २१ साठी मर्यादा दोन चौरसांची. १० म्हणजे २ गुणिले ५. म्हणजे मर्यादा एक, आणि जोडी अशक्य. ऑयलरची अटकळ मॅकनिश यांच्या अटकळीत अशी सामावलेली होती.

१९५८ मध्ये श्रीखंडे अभ्यागत म्हणून पुन्हा चॅपेल हिलला आले तेव्हा परिस्थिती अशी होती.

समोरचे पर्याय

त्या वेळी या प्रश्नावर काम करू पाहणाऱ्या कोणालाही चार मार्ग दिसले असते, आणि चारही मार्ग कोणी ना कोणी प्रत्यक्षात चोखाळले.

पहिला मार्ग अटकळ सिद्ध करण्याचा. बहुसंख्य तज्ज्ञांचा कल या बाजूला होता आणि तारी यांच्या निष्कर्षाचे पाठबळही होते. या मार्गाची अडचण अशी, की तारी यांची सिद्धता शक्यतांच्या मोजणीवर उभी आहे. ती १० ला लागू करता येत नाही आणि तीतून कोणतेही सर्वसाधारण कारण हाती लागत नाही.

दुसरा मार्ग १० वर थेट हल्ला चढवण्याचा. संगणक नुकतेच आले होते, त्यामुळे हा मार्ग आकर्षक होता. पेज आणि टॉम्पकिन्स यांनी स्वॅक नावाच्या यंत्रावर असा शोध घेऊन पाहिला. दहा क्रमांकाचा एकच विशिष्ट चौरस घेऊन त्याचा जोडीदार आहे की नाही एवढे ठरवण्यास त्या यंत्राला सुमारे ४८ हजार कोटी तास लागतील, असा त्यांचा अंदाज निघाला. हा मार्ग तेथेच संपला. वृत्तांतांत पुढे अनेकदा असे छापले गेले की दहाचा चौरस संगणकाने शोधला. पुढे दहाची जोडी बांधणारे गणिती अर्नेस्ट पार्कर युनिव्हॅक हा संगणक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होते, यातून हा गैरसमज पसरला असावा. प्रत्यक्षात तो चौरस बीजगणितीय रचनेतून आला.

तिसरा मार्ग ऑयलरना बाजूला ठेवून मॅकनिश यांच्या अटकळीची परीक्षा घेण्याचा. येथे पहिले यश अर्नेस्ट पार्कर यांना मिळाले. त्यांनी २१ क्रमांकाचे दोनपेक्षा अधिक परस्पर ऑर्थोगोनल चौरस बांधले. ऑयलरच्या अटकळीला याने धक्का लागत नव्हता, कारण २१ ही विषम संख्या आहे. त्यामुळे हा निष्कर्ष ‘एक चमत्कारिक अपवाद’ म्हणून कोणी वाचून सोडून दिला असता तर नवल नव्हते.

चौथा मार्ग पार्कर यांच्या निष्कर्षाकडे पद्धत म्हणून पाहण्याचा. त्यांनी २१ बिंदू आणि २१ रेषा असलेले, प्रत्येक रेषेवर पाच बिंदू असलेले प्रक्षेपी प्रतल वापरले होते. बोस आणि श्रीखंडे यांनी विचारलेला प्रश्न असा होता: यात प्रतलच का हवे? सर्व गट एकाच आकाराचे का हवेत?

माझ्या मते या प्रकरणातील निर्णायक क्षण हाच आहे, आणि श्रीखंडे यांची आधीची आठ-नऊ वर्षे येथे कामी आली. वेगवेगळ्या आकारांचे गट असलेली रचना ही लॅटिन चौरसांच्या अभ्यासकाला तडजोड वाटली असती. गटरचनांत मुरलेल्या माणसाला मात्र ती रोजच्या कामातली वस्तू होती.

केलेली कृती

कृतीचा गाभा थोडक्यात मांडता येतो आणि तो मांडणे आवश्यक आहे, कारण पुढची चर्चा त्यावरच आधारित आहे.

काही बिंदू घ्या आणि त्यांचे असे गट पाडा की कोणतेही दोन बिंदू नेमक्या एकाच गटात एकत्र येतील. गटांचे आकार वेगवेगळे असले तरी चालतील. प्रत्येक गटासाठी त्याच्या आकाराच्या लॅटिन चौरसांची ऑर्थोगोनल जोडी घ्या. अट एवढीच, की दोन्ही चौरसांच्या कर्णावर प्रत्येक बिंदू स्वतःच्याच जागी असावा. आता सर्व बिंदूंचा मोठा चौरस भरा. कर्णावर बिंदू स्वतःच येईल. कर्णाबाहेरच्या घरात, म्हणजे दोन वेगळ्या बिंदूंच्या छेदाच्या जागी, ते दोन बिंदू ज्या एका गटात आहेत त्या गटाच्या छोट्या चौरसातील नोंद उचलून ठेवा. दोन बिंदू एकाच गटात येत असल्यामुळे कोठेही संदिग्धता राहत नाही, आणि मोठे चौरस लॅटिनही होतात व ऑर्थोगोनलही होतात. मूळ घात असलेल्या क्रमांकासाठी कर्णाची अट पाळणारे चौरस क्रमांकाहून दोन कमी इतके मिळतात: ४ साठी दोन, ५ साठी तीन, ७ साठी पाच. म्हणून पाच-पाच बिंदूंच्या रेषा असलेल्या २१ बिंदूंच्या प्रतलातून किमान तीन चौरस मिळतात आणि मॅकनिश यांची दोनची मर्यादा तेथेच मोडते.

आता २२ कडे वळू. १८५० साली थॉमस कर्कमन यांनी विचारलेले कोडे प्रसिद्ध आहे: पंधरा विद्यार्थिनी सात दिवस रोज तिघी-तिघींच्या पाच ओळी करून फिरायला जातात, कोणत्याही दोघी आठवड्यात एकदाच एका ओळीत येतील अशी योजना करा. अशी योजना अस्तित्वात आहे. तीत ३५ त्रिकुटे येतात. प्रत्येक दिवसासाठी एक असे सात नवे बिंदू घ्या आणि त्या दिवसाच्या पाचही त्रिकुटांत त्या दिवसाचा बिंदू घाला. आता बिंदू झाले २२. चारच्या आकाराचे गट झाले ३५. आणि सात नव्या बिंदूंचा मिळून सातच्या आकाराचा एक गट. हिशेब तपासता येतो: २२ बिंदूंच्या जोड्या २३१, चारच्या ३५ गटांत २१० जोड्या, सातच्या गटात २१. बेरीज बरोबर २३१. चार आणि सात हे दोन्ही मूळ घात आहेत, दोघांसाठीही कर्णाची अट पाळणारी जोडी मिळते, आणि म्हणून २२ क्रमांकाची ऑर्थोगोनल जोडी अस्तित्वात आहे. बाविसाला चारने भागले तर बाकी दोन उरते. ऑयलरची अटकळ खोटी ठरली.

बोस आणि श्रीखंडे यांचा हा निष्कर्ष १९५९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात अवघ्या चार पानांत प्रसिद्ध झाला.

यानंतरचा निर्णयबिंदू १० चा होता. हीच पद्धत दहाला का लागू पडत नाही, हे पाहण्यासारखे आहे. दहा बिंदूंवर चारच्या आकाराचे गट पाडू गेले तर प्रत्येक बिंदूला उरलेल्या नऊ बिंदूंशी भेटण्यासाठी तीन गटांत यावे लागते. म्हणजे एकूण गट तीस भागिले चार, साडेसात. गट अर्धा असत नाही. पाचचा गट घेतला तर त्यातील बिंदूसाठी पाच सोबती उरतात, आणि तीन-तीन किंवा चार-चारने त्यांची वाटणी होत नाही. सातचा गट घेतला तर त्याबाहेरच्या बिंदूला त्या सातांशी भेटण्यासाठी सात वेगळे गट लागतात आणि तेवढे बिंदूच शिल्लक नसतात. सहाचा गट तर आधीच बाद आहे, कारण सहाला जोडी नाही. थोडक्यात, दहासाठी दुसरे काही शोधणे भाग होते. पार्कर यांनी सातने भागल्यावर उरणाऱ्या बाकींचे अंकगणित आणि त्यात बाहेरून घातलेली तीन चिन्हे यांच्या मेळातून दहाची जोडी बांधली आणि त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. त्यातून एक सर्वसाधारण नियमही हाती आला: एखाद्या विषम क्रमांकाची जोडी असेल, तर त्याच्या तिपटीत एक मिळवून येणाऱ्या क्रमांकाचीही जोडी मिळते. तीनवरून दहा, सातवरून पुन्हा बावीस.

येथे बोस-श्रीखंडे आणि पार्कर एकमेकांशी स्पर्धा करत राहिले असते तर ते अगदी स्वाभाविक होते. उरलेल्या क्रमांकांसाठी कोणाची पद्धत आधी पोहोचते, याची शर्यत लागू शकली असती. तसे न होता बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी एकत्रित निबंध लिहिला, जो १९६० मध्ये कॅनडाच्या गणित नियतकालिकात आला. २ आणि ६ वगळता प्रत्येक क्रमांकासाठी ऑर्थोगोनल जोडी अस्तित्वात असल्याचे त्यात दाखवले आहे. दोन पद्धती एकमेकींच्या उणिवा भरून काढतात हे त्या निबंधात स्पष्ट दिसते. एप्रिल १९५९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर दहाचा चौरस रंगीत रूपात झळकला. तिघांना ‘ऑयलरचा खेळ बिघडवणारे’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले. ते गमतीदार असले तरी अन्यायाचे आहे. ऑयलर यांनी आपले म्हणणे सिद्ध झाल्याचा दावा कधीच केला नव्हता.

समांतर काम

त्याच १९५९ मध्ये श्रीखंडे यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची बातमी कोठे छापून आली नाही, पण कॉम्बिनेटोरिक्सच्या अभ्यासकांमध्ये त्यांचे नाव आज अधिक करून त्यामुळेच घेतले जाते. चौरस जाळीतील घरांना शिरोबिंदू मानून, एकाच ओळीतील किंवा एकाच स्तंभातील घरे रेषेने जोडली तर एक ग्राफ मिळतो. कोणत्या दोन शिरोबिंदूंना किती समान शेजारी आहेत या आकड्यांवरून हा ग्राफ पूर्णपणे ठरतो का, असा प्रश्न त्यांनी घेतला. उत्तर होकारार्थी आले. अपवाद फक्त चार बाय चारच्या जाळीचा. तेथे तेच आकडे असलेला दुसरा एक ग्राफ निघतो: १६ शिरोबिंदू, प्रत्येकाचे सहा शेजारी, आणि कोणत्याही दोघांचे नेमके दोन समान शेजारी. हाच ‘श्रीखंडे ग्राफ’. शिवाय बोस यांच्यासोबत त्यांनी त्याच वर्षी संदेशवहनात वापरल्या जाणाऱ्या संकेतांच्या (कोड) बांधणीवरही एक टीप लिहिली. त्यात हादामार्द आव्यूह (१ आणि -१ यांचे, परस्पर लंब ओळींचे कोष्टक) आणि त्रुटी दुरुस्त करणारे विशिष्ट संकेत यांचा संबंध दाखवला आहे.

कारकिर्दीच्या दृष्टीने ही बाब मला लक्षणीय वाटते. मोठ्या प्रश्नाने पूर्ण ताबा घेतलेला असताना हातातले दुसरे काम बाजूला ठेवण्याचा मोह फार असतो.

निष्पत्ती

अटकळीचा निकाल हा या प्रकरणाचा एक परिणाम. कारकिर्दीचा दुसरा निर्णयबिंदू १९६० मध्ये येतो. कीर्ती शिखरावर असताना श्रीखंडे भारतात परतले. बोस अमेरिकेतच राहिले होते आणि त्या काळातील अनेक भारतीय संख्याशास्त्रज्ञांनी तोच मार्ग धरला होता, हे ध्यानात घेतले तर या निर्णयाचे वेगळेपण जाणवते. ते प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे संस्थापक प्रमुख म्हणून आले. तेथील प्रगत अध्ययन केंद्राचे संचालकपदही त्यांनी सांभाळले आणि १९७८ पर्यंत ते मुंबईत होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात ते अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक होते.

या निर्णयाची किंमत आणि प्राप्ती यांचा तोल ठरवणे सोपे नाही. चॅपेल हिलमध्ये बोस यांच्याभोवती जे वर्तुळ होते, त्यात रोज नवे काही घडत होते. बोस आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांनी १९६० मध्येच तेथे त्रुटी दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा सुप्रसिद्ध वर्ग मांडला. मुंबईत असे वर्तुळ आयते नव्हते. ते उभे करावे लागणार होते, आणि ते उभे राहिले. नवीन सिंघी, वासंती भट-नायक, शरद साने ही नावे त्या परंपरेतली. सिंघी यांच्यासोबत श्रीखंडे यांनी गटरचनांसारख्याच रचनांविषयीच्या लॅम्डा-डिझाइन अटकळीवर काम केले, जी सर्वसाधारण रूपात आजही सुटलेली नाही. साने यांनी श्रीखंडे यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे यांच्यासोबत अर्धसममित गटरचनांवर लिहिलेला ग्रंथ १९९१ मध्ये केंब्रिजहून आला. महाराष्ट्रात कॉम्बिनेटोरिक्स हा विद्यापीठीय संशोधनाचा विषय म्हणून रुजला, त्यात १९६३ च्या त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. श्रीखंडे यांचे निधन २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाडा येथे, वयाच्या १०३ व्या वर्षी झाले.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा विलंबाचा. २२ च्या प्रतिउदाहरणाला लागणारी सामग्री पुन्हा पाहू. कर्कमन यांची योजना १८५० पासून माहीत होती. मूळ घात क्रमांकांचे ऑर्थोगोनल चौरस बोस यांनी १९३८ मध्ये दिले आणि गटरचनांवरचा त्यांचा निबंध १९३९ चा. हे सर्व कलकत्त्यात एकाच टेबलावर होते. तरीही लॅटिन चौरस हा एक विषय आणि गटरचना हा दुसरा विषय म्हणून वाढले, आणि गटरचनांचा उपयोग करून चौरस बांधता येतील ही कल्पना पार्कर यांच्या २१ पर्यंत कोणाला सुचली नाही. यात कोणाचा दोष काढणे अनुचित ठरेल. पण एक गोष्ट निश्चित करता आली असती: मॅकनिश यांच्या युक्तिवादातील दोष ध्यानात आल्यावर त्यांच्या व्यापक अटकळीची लहान विषम क्रमांकांवर स्वतंत्रपणे परीक्षा घेणे. १५ आणि २१ यांच्याकडे त्या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नाही, कारण सर्वांची नजर १० वर खिळली होती. ऑयलरचा सर्वांत लहान उरलेला क्रमांक म्हणून १० महत्त्वाचा होता. पण तो सर्वांत अवघडही होता, कारण वर पाहिल्याप्रमाणे गटांची पद्धत नेमकी तेथेच अडते. प्रश्न सोडवण्याची सुरुवात सर्वांत लहान उदाहरणापासून करावी, हा संशोधनातला साधा संकेत येथे वीस वर्षे आड आला.

दुसरा मुद्दा तीन चौरसांचा. जोडीचा प्रश्न संपल्यावर १० साठी तीन परस्पर ऑर्थोगोनल चौरस आहेत का, हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला. श्रीखंडे यांनी त्यावर दीर्घकाळ ठाण मांडले नाही. ते गटरचना आणि नियमित ग्राफ यांकडे वळले. हा निर्णय चुकला असे म्हणता येईल का? १९६१ मध्ये ‘सांख्य’ नियतकालिकात त्यांनी एक छोटी टीप लिहिली. तीत सिद्ध केले आहे की चारपेक्षा मोठ्या कोणत्याही क्रमांकाचे, त्या क्रमांकाहून तीन कमी इतके परस्पर ऑर्थोगोनल चौरस असतील, तर त्यांचा पूर्ण संच करता येतो. अपवाद पुन्हा चारचाच, आणि तो योगायोग नाही: चार क्रमांकाचा जो चक्रीय चौरस जोडीदाराविना राहतो, त्याच्यापासून बनणाऱ्या ग्राफचा पूरक (जोडलेल्या जोड्या तोडून न जोडलेल्या जोडल्यावर मिळणारा ग्राफ) हाच श्रीखंडे ग्राफ आहे. १० ला लावले तर या टिपेचा अर्थ असा होतो, की सात चौरस असतील तर नऊ असतील, आणि नऊ असतील तर १० क्रमांकाचे प्रक्षेपी प्रतल असेल. असे प्रतल नाही हे क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रचंड संगणकीय तपासणीनंतर प्रसिद्ध केले. त्यामुळे १० साठीची वरची मर्यादा आज सहावर आली आहे. खालची मर्यादा पार्कर यांच्या १९५९ च्या जोडीची, म्हणजे दोनचीच आहे. संगणकांचा वेग तेव्हापासून कित्येक पटींनी वाढला असूनही तिसरा चौरस सापडलेला नाही, आणि तो नाही हेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.